मेट्रनबाईंच्या जास्वंदी

दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर मेट्रनबाईंनी वॉर्डातली शिस्त थेट गच्चीवर नेली. तिथे त्यांच्या जास्वंदीच्या कुंड्या होत्या. लाल, केशरी, आणि एक पिवळी, बशीएवढ्या फुलाची. रोज पानं उलटी करून त्या पांढरा चिकटा शोधत आणि कापसाच्या बोळ्याने पुसून काढत. झाडांना असा जीव लावणाऱ्या बाईचं माणसांशी मात्र जमत नसे. गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या दिराशी तर उभा दावा.

"वहिनी, तुमच्या पाण्याने माझ्या छताला ओल आलीय."

"छत तुमचं असेल, गच्ची दोघांची आहे."

एक गोष्ट बाईंना कधी जमली नाही: छाटणी. जन्मभर त्यांनी जखमा बांधल्या होत्या; जिवंत फांदीवर कात्री धरली की हात आखडायचा. झाडं काटकुळी होऊन कठड्याबाहेर लोंबू लागली. फूल यायचं ते शेंड्याला, एखादं.

मुलीच्या बाळंतपणाहून बाई परतल्या, तर सगळी झाडं गुडघ्याएवढी कापलेली.

"वाळत घातलेले कपडे अडकत होते," दीर म्हणाला.

"हात झडतील तुमचे!"

"झडू देत. गच्ची तरी मोकळी झाली."

बोलणं तिथेच तुटलं. बाईंनी खुंटांना शेणखत घातलं. आणि घडलं भलतंच. खुंटाखुंटाला धुमारे फुटले, झाडं डेरेदार झाली, कळ्यांनी लगडली. दीर पाहुण्यांना वर नेऊन दाखवू लागला.

"ही माझ्या हातची करामत. वहिनी नुसत्या पाणी ओतायच्या!"

जिन्यात उभ्या असलेल्या बाईंनी ते ऐकलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातून छाटणीपुरता तो खोटंही बोलत नव्हता, हे जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी उमलायला आलेली कळी न कळी खुडून बादलीत टाकली. कपडे वाळत घालायला आलेली धाकटी जाऊ बघतच राहिली.

"ताई, फुलांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. खत, पाणी, चिकटा पुसणं, सगळं वेळच्या वेळी. फूल मात्र एकही नाही. पाहुण्यांना वर नेणं दिराने बंद केलं. पिवळी कळी खुडताना बाईंचा हात अजून क्षणभर थांबतो. मग खालून त्याच्या खाकरण्याचा आवाज येतो आणि त्या ती देठापासून पिरगाळतात.