रावसाहेबांचं कारंजं आणि आमचे मामा

मामांजवळ दुःख सांगायची सोय नव्हती. तुम्ही सांगायला सुरुवात केलीत की ते उठून पायाने चपला शोधू लागत. "अडलं कोठी ते दाखव," एवढंच त्यांचं सांत्वन. दाखवण्यासारखं काही नसेल, नुसतंच मन जड झालेलं असेल, तर ते अस्वस्थ होत, आणि जाता जाता निदान तुमच्या दाराची बिजागरी तरी पाहून जात.

बांधकाम खात्यात ओव्हरशियर म्हणून वऱ्हाडभर रस्ते आणि मोऱ्या बांधून ते पेन्शनीवर देऊळगाव राजाला परत आले. रस्ते बांधायचे थांबले, पण अडलेलं हलवायची सवय थांबली नाही. गावाने त्यांना तोडगेमामा म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या ओट्यावर माणसं येऊ लागली. कुणाची भिंत फुगलेली, कुणाचा बैल एका विशिष्ट बांधाशीच बसणारा, कुणाच्या दोन सुना एका चुलीवर न मावणाऱ्या. मामा ओट्यावर बसून मत देत नसत. जी अडचण ज्या वेळी होते, त्या वेळी ते तिथे जाऊन बसत. एकाच्या गोठ्यात भरदुपारी भूत खोकतं अशी वदंता होती. मांत्रिकाने रात्रीची वेळ दिली, तर मामा म्हणाले, "भूत दुपारी खोकते अन् तुम्ही त्याले रात्री भेटाले जाता? ते झोपलं असन बापा!" दुपारी जाऊन त्यांनी पत्र्याखालचं घुबडाचं घरटं दाखवलं. मोबदला म्हणून सुपारीचं एक खांड घेतलं. मांत्रिक मात्र त्यांच्याशी पुढे कधी बोलला नाही.

मी त्यांची भाची. आईवडील लवकर गेल्यामुळे त्यांच्याच घरी वाढले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझं शिक्षण, माझा खोकला आणि माझं लग्न हे तिन्ही प्रश्न एकट्या त्यांच्या वाट्याला आले होते.

मामी उलट स्वभावाची. तिचं म्हणणं एकच होतं, "मानूस रडत असला का रडू द्यावं. तुम्ही त्याले टेकू काहाले लावता?" याला एक प्रसंग कारण होता. गल्लीतल्या एका घरचा कर्ता पुरुष गेला. मामा-मामी भेटायला गेले. नवऱ्यामागे राहिलेल्या त्या बाईने हंबरडा फोडला, "आता या घराले कोनाचा आधार हो मामा?" सगळे माना खाली घालून बसले. मामांनी मान वर केली, माळवदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मधल्या खांबाचा. पन त्याले वाळवी लागली हाये." मामीने तिथल्या तिथे डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी मामांनी सुतार पाठवून खांब बदलून दिला. त्या बाईने नंतर मला सांगितलं, "आधार देतो म्हनाले लई जन आले बाई. उभा राह्यला तो खांबच."

पण प्रत्येक वेळी निकाल असा गोड लागत नसे. आमच्याकडच्या लग्नात नवरदेव पंगतीत रुसतो. रुसायचंच असतं. मग मुलीकडच्या बायांनी गाणी म्हणायची, काका-मामांनी हात जोडायचे, त्याने नाही नाही म्हणायचं, आणि भात गार झाल्यावर पाटावर बसायचं. एका लग्नात मामा मुलीकडचे होते. नवरदेव रुसल्याची बातमी येताच ते सरळ त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, "अडलं कोठी?" पोरगा बेसावध होता. खरं बोलून गेला, "मामा, जोडा चावते." मामांनी जोडा काढून घेतला, टाचेत कापसाचा तेलबोळा बसवला आणि हाताला धरून त्याला पाटावर आणून बसवलं. भाताची वाफसुद्धा मोडली नव्हती. बायांची गाणी घशात राहिली. मनधरणी करून घ्यायला तयार होऊन बसलेले वराकडचे सगळे काके रिकामे पडले. मुलाचा रुसवा असा वाया गेल्यामुळे शेवटी बापाला रुसावं लागलं, आणि तो काही जोड्याचा रुसवा नव्हता. तो निघायला दुसरा दिवस उजाडला.

"त्यायले जोडा नव्हता काढून पाह्यजे," मामी म्हणाली, "त्यायले तुमचे हात जोडून पाह्यजे होते."

"मंग तसं सांगावं ना सरळ!" मामा म्हणाले. त्यांच्यापुरता विषय तिथे मिटला.

हे सगळं मी हसत सांगते आहे. पुढचं मात्र माझ्यावरच बेतलेलं आहे.

गावात एक मोठे जमीनदार होते. सरकारने त्यांना रावसाहेब ही पदवी दिली होती. पदवी मिळाल्यावर माणसाला ती ठेवायला जागा लागते. रावसाहेबांनी बंगला बांधला आणि बंगल्यासमोर कारंजं. मग कारंज्याला पाणी हवं म्हणून मळ्यातल्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. त्या दिवशी मांडव घातला होता, बँड आणला होता. इंजिनाला हार घालून नारळ फोडला. प्रगतीवर भाषण झालं. मग इंजिनाने पहिला श्वास सोडला आणि पुढच्या रांगेतली सगळी धोतरं काळी केली. फोटो त्याच्या आधी काढला होता म्हणून बरं.

पुढच्या उन्हाळ्यात रावसाहेबांची विहीर सकाळीच तळ दाखवू लागली. बंगल्यावर निदान झालं की खालच्या अंगाला तुळशीराम माळ्याने नवी विहीर खणली आहे, तिने पाणी ओढलं. तुळशीरामची मोट उन्हाळाभर बंद करावी असा अर्ज गेला. त्याच्या मळ्यात कांदा उभा होता, वांगी धरली होती. मोट बंद म्हणजे मळा संपला. चिखलीहून तहसीलदार जागा पाहायला येणार होते. जाणता माणूस म्हणून मामांनी त्यांच्यासमोर मत सांगावं, अशी रावसाहेबांची इच्छा होती. मत कोणतं, हे वेगळं सांगायची गरज त्यांना वाटली नाही. कारण त्यांच्या पुतण्याशी माझं लग्न ठरलं होतं. पुतण्या नागपूरला वकिली शिकत होता. सुपारी फुटली होती, साड्या ठरल्या होत्या.

मामा नेहमीप्रमाणे विहिरीवर जाऊन बसू लागले. चुन्याचे पट्टे मारलेला एक बांबू त्यांनी रावसाहेबांच्या विहिरीत उभा केला. नशिबाने त्याच आठवड्यात इंजिन बिघडून बंद पडलं. इंजिन बंद आणि तुळशीरामची मोट दिवसभर चालू, तरी रावसाहेबांच्या विहिरीतलं पाणी पट्ट्यामागून पट्टा चढत गेलं. इंजिन दुरुस्त झालं तेव्हा मामांनी तुळशीरामला मोट सोडायला लावली. मोट बंद, इंजिन चालू. पाणी धडाधड उतरलं. याहून सरळ काय असतं?

रावसाहेबांचा कारभारी संध्याकाळी घरी आला. गोड माणूस होता. गूळ खाल्ल्याशिवाय त्याच्या तोंडून निंदासुद्धा निघत नसे.

"मामा, घरचीच गोष्ट हाये," तो म्हणाला. "आता सोयरीक झाली. आपल्या सोयऱ्याची विहीर ते आपली विहीर. नाही का?"

"आपली हाये म्हनूनच सांगतो," मामा म्हणाले. "तुमची विहीर चोरीले नाही गेली. तिले दम लागला."

कारभारी हसला. "पोरीचं कल्यान मनात ठेवा म्हंजे झालं," म्हणाला आणि गेला.

मामीने कंदिलाची काच पुसता पुसता सांगितलं, "ह्या एका बखतीले तोंड उघडू नका. बाकी जन्मभर उघडलंच हाये."

मामा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. ते नेहमी सांगत. त्या संध्याकाळी मात्र म्हणाले, "पोरी, माह्यंच अडलं. काय करू?"

तो मुलगा मला आवडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तुळशीरामची बायको रोज सकाळी आमच्या दारावरून भाजीची पाटी घेऊन जायची. ती पाटी बंद करून मी त्या बंगल्याचं माप ओलांडायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं. मी म्हटलं, "विहिरीत पानी काऊन नाही, तेवढं सांगा. माह्यं मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सतरंजी अंथरली होती, खुर्च्या मांडल्या होत्या. तहसीलदारांना सरबत दिलं. तुळशीराम हात बांधून उन्हात उभा होता. आम्ही बायका आंब्याखाली होतो. मामांनी बांबू दाखवला, पट्टे दाखवले, इंजिन कधी बंद होतं आणि पाणी कधी चढलं ते सांगितलं. दोन वेळ थोडं थोडं इंजिन चालवलं तर झऱ्यांना भरायला सवड मिळेल, असा उपायही दिला. तहसीलदार मान हलवत होते. त्यांनी तुळशीरामला सांगितलं, "तुमची मोट चालू ठेवा." रावसाहेबसुद्धा मिशीवर हात ठेवून "विचार करू" म्हणाले. कुणाची इज्जत गेली नव्हती. खुर्च्या सरकल्या. मामीने सुटकेचा श्वास टाकला.

आणि मामा म्हणाले, "एक राह्यलंच."

मामीने माझं मनगट धरलं.

"इतकं पानी वावरात नाही जाऊन राह्यलं, रावसाहेब. मी पाटाच्या कडेनं चालत गेलो. अर्धं बंगल्याच्या टाकीत चढते. उन्हाळाभर ते कारंजं बंद ठेवा. पदवी काही वाळून जात नाही."

आधी तहसीलदारांच्या शिपायाला हसू फुटलं. मग मोट हाकणाऱ्यांना, मग सगळ्या मळ्याला. तहसीलदारांनी सरबताचा पेला तोंडाशी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. रावसाहेब उठून चालू लागले.

कारभारी पुन्हा गोड बोलून गेला आणि लग्न मोडलं. मामीने हिशोब मांडला, "विहिरीवर थांबले असते, तर लग्न झालं असतं. कारंज्यानं घात केला."

"पन अडलं तेथीच होतं!" मामा म्हणाले.

लोक अजून मला सांगतात की मामांनी जरा बेताने घ्यायला हवं होतं. बेताने घेणारे गावात पुष्कळ होते. विहीर कशाने आटते हे त्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या त्या बेतावर तुळशीरामचा मळा वाळला असता.

त्यानंतर मामांपुढे मीच प्रश्न होऊन बसले. जालन्याचा एक मुलगा, मेहकरचा एक, एक बिजवर पण सज्जन. रोज जेवताना ताटात एक स्थळ वाढलेलं. एक दिवस मी भाकरी खाली ठेवली. "मामा, मी विहीर नाही. माह्यं काही अडलं नाही. मले वाईट वाटून राह्यलं, तेवढं वाटू द्या."

मी बोलत राहिले. बंगल्याबद्दल, त्या मुलाबद्दल, त्याने मला एक ओळसुद्धा लिहिली नाही याबद्दल, मला मास्तरीण व्हायचं आहे याबद्दल. मामांनी सगळं ऐकलं. त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं; घोंगडीची दशी पिळून पिळून त्यांनी तिची दोरी केली होती. शेवटी एवढंच म्हणाले, "झालं सांगून?" मी हो म्हटलं. ते उठले आणि, आश्चर्य म्हणजे, चपला न शोधता झोपायला गेले.

सकाळी मात्र चपला नव्हत्या. मामाही नव्हते. अमरावतीला मास्तरणी तयार करणाऱ्या शाळेत प्रवेश कसा मिळतो ते विचारायला ते पहिल्या मोटारीने निघून गेले होते. मामी म्हणाली, "एक रात्र दम धरला. तुह्यासाठी लई केलं त्यायनं."

मी शिकले, बुलढाण्याला मुलींच्या शाळेत लागले. मामांच्या ओट्यावर उघडपणे येणारी माणसं रावसाहेबांच्या भीतीने कमी झाली. ती परसदाराने येऊ लागली. मामांनी परसात एक बाज टाकली, म्हणाले, "अडचनीले दार कोनतंही चालते."

शेवटच्या आजारात ते त्याच बाजेवर होते. मी रजा काढून आले होते. एका दुपारी दारात मोटार थांबली आणि रावसाहेब आत आले. चांदीच्या मुठीची काठी, मागे फळांची करंडी घेतलेला कारभारी. इतक्या वर्षांनी ते आमच्या घरात पहिल्यांदा येत होते. मी खुर्ची दिली. रावसाहेब बसले, घसा साफ केला.

"मामा, जुनं मनात ठेवू नका. आम्ही तं कधीच माफ केलं."

मामांनी डोळे उघडले. "विहिरीले पानी हाये?"

"हाये."

"इंजिन कसं चालवता?"

"सकाळी थोडं," रावसाहेब काठीकडे पाहत म्हणाले, "अन् थोडं संध्याकाळी."

मामांनी मान हलवली. काम नीट झालंय हे पाहून हलवत तशी. मी मनात म्हटलं, आता पुरे, मामा. त्यांनी श्वास गोळा केला.

"अन् कारंजं?"

रावसाहेबांचा चेहरा उतरला. कारभारी लगबगीने पुढे आला आणि आपल्या गोड आवाजात म्हणाला, "आता बोलायचा तरास नोका घेऊ मामा, आराम करा."

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती. हात पिठाचे होते. जन्मभर तिने या माणसाला तोंड मिटायला सांगितलं होतं. ती दोन पावलं पुढे आली.

"आराम कायचा? त्यायनं विचारलं हाये, रावसाहेब," ती म्हणाली. "कारंजं बंद हाये का चालू, ते सांगून जा."