पांढरी पाटली

काल नातवाचा ताप बघताना थर्मामीटर फुटला, पाऱ्याचे मणी फरशीवर पळाले आणि माझा हात आपोआप पाटलीवर गेला. कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. नवं लग्न झालेलं, मी धुळ्याच्या कॉलेजात शिकत होते. कोळशावर वायू किती चिकटतो ते मोजताना पाऱ्याची नळी फुटली आणि पारा मनगटावर उडाला. नव्या सुनेचा हात ओका दिसू नये म्हणून सासरची सोन्याची पाटली मी प्रयोगातही काढत नसे. सर शिकवायचे, पृष्ठभागावर कण विरळ असले की सुटे राहतात, दाटी झाली की एकमेकांना धरतात आणि एकदम थर होतो. तसंच झालं. पारा सोन्याला धरतो आणि सोनं पांढरं पडतं; आधी नुसते ठिपके होते, मी पदराने पुसत राहिले, आणि बसमध्ये बघते तर अख्खी पाटली कथलासारखी. सासऱ्यांचा आवाज चढला की घरात कुणी जेवत नसे. दारातच सासूबाईंनी मनगट पाहिलं, तेवढ्यात बाहेर सासऱ्यांची स्कूटर थांबली. “गप ऱ्हाय, आबाले दखाडू नको,” म्हणत त्यांनी आपली पाटली ओढून काढली, माझ्या हातात चढवली आणि पांढरी स्वतः घालून पदराखाली झाकली. इतक्या वर्षांनी मला तो पांढरेपणा तेवढा आठवत नाही. आठवतो तो त्यांचा हात, माझ्याहून जास्त थरथरणारा.