समृद्धीचं वजन

भावना मेश्राम जबलपूरच्या गोरखपूर भागात लोकांच्या मुलांची वजनं करत हिंडायची. आजोबा नागपूरकडून इकडे मजुरीला आले, वडील सरकारी नोकरीत चिकटले आणि भावना एम.ए. होऊन कंत्राटावर लटकली. पिढ्यांची प्रगती ती अशी.

लहानपणी सोसलेल्या गोष्टी मनावर आणि मग वजनावर कशा चढतात, हे तिच्या संशोधन प्रकल्पाला शोधायचं होतं. घरात आवाज चढला की भावना लहानपणी गुळाचा डबा घेऊन पलंगाखाली शिरायची. पण एवढ्यावर कुणी निधी देत नाही.

घरी कुणी मारतं का, हे मुलाला पालकासमोरच विचारायचं, असा नियम होता. पालकांचा हक्क जपायला. त्यामुळे गोरखपुरातली मुलं फार सुखी निघत होती. ‘हो’ म्हणणाऱ्याला समुपदेशक मिळे, ‘नाही’ म्हणणाऱ्याला आहाराचा तक्ता.

शेजारच्या आलोकची समृद्धी बारा वर्षांची. पट्ट्याचा आवाज भावनाला भिंतीतून ऐकू यायचा, आणि तो थांबला की स्वयंपाकघरात डब्याचं झाकण निघाल्याचा. या पोरीला समुपदेशक मिळावा, एवढंच तिला हवं होतं.

“हिचं काही करा, दीदी,” वजन करायला आलेल्या भावनाला आलोक म्हणाला. “नाव समृद्धी ठेवलं, तर हिनं फारच मनावर घेतलं. चहा घ्या न.”

“घरी कुणी मारतं का, बेटा?”

समृद्धीने बापाकडे पाहिलं.

“बोल न मोकळं. मी काय वाघ आहे काय?”

“नाही,” समृद्धी म्हणाली.

गल्लीत येऊन भावनाने टॅबवर ‘हो’ दाबलं. आजवरच्या नोंदींतलं बहुधा तेवढंच खरं उत्तर.

काही घरांना फोन करून उत्तरं पडताळायची पद्धत होती. प्रकल्पाच्या प्रमुख शर्मिलामॅडम कामाच्या चोख, हीच अडचण. त्यांनी थेट आलोकला फोन लावला. “भैया, आपकी बेटी ने कहा है कि घर में मारपीट होती है. सही है क्या?”

आलोक म्हणाला, बिलकुल गलत. उत्तर दुरुस्त झालं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे टीव्ही फार मोठ्याने लागला होता.

“काहून असं केलं, भावना?” मॅडमनी विचारलं. “डेटा खराब होते न.”

“मारतो तो, मॅडम. मी शेजारी राहते.”

“शेजारी राहते तर तू निष्पक्ष कशी? त्या घरी तू जायलाच नको होतं.”

भावनाने मुलांच्या हेल्पलाइनला कळवलं. दोघं आली, सोफ्यावर बसली आणि समृद्धीला बापासमोर तेच विचारलं. तिला आता सराव झाला होता.

पुढच्या फेरीत भावनाच गेली. दुसरी माणसंच नव्हती. समृद्धीचा फ्रॉक खांद्यावरून उतरत होता. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप.

“तक्ता लागू पडला, दीदी,” आलोक खुशीत म्हणाला. “आता तर दिलेलंही खात नाही.” आणि चहा सांगायला बाहेर गेला.

“समृद्धी,” भावना खालच्या आवाजात म्हणाली, “आता सांग. मी आहे न.”

पोरगी काट्यावर उभी राहून आकडा स्थिरावायची वाट पाहत होती.

“दीदी,” ती म्हणाली, “तुम्ही वजनच लिहा.”

भावनाने वजन लिहिलं. अहवालात समृद्धी वजन घटलेल्या यशस्वी मुलांमध्ये मोजली गेली.