रिकाम्या गळाचा चहा

गळ टाकून बसणाऱ्यांकडे मासे कमी आणि किस्से जास्त जमतात. मासा त्याच दिवशी रश्श्यात जातो. किस्सा मात्र दर रविवारी थोडा वजनदार होतो! मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यात डॉक्टरेटही केली, त्यामुळे खात्री नसलेलं बोलायची मला भीती वाटते. तरी आठवतं तेवढं सांगतो. चुकलोच तर मंडळी टपलेलीच आहेत.

मंडळी म्हणजे तिघं. बोरी अरबकडचे कापूसवाले बाबाराव, तांड्यावरचे निवृत्त राठोड गुरुजी आणि नेरचे एसटीतले रिटायर्ड कंडक्टर प्रकाशराव. दर रविवारी सकाळी दारव्ह्याजवळच्या तलावावर आम्ही भेटतो. नियम एकच. मागच्या रविवारी जो रिकाम्या हातानं घरी गेला, त्यानं किटली आणायची आणि सगळ्यांना चहा करून पाजायचा.

मी आल्यापासून किटली बहुतेक माझ्याच घरी असते, आणि चहा मी प्रयोगशाळेतल्यासारखा मोजूनमापून करतो; किटलीत थेंब उरत नाही.

*

पहिला धडा बाबारावांचा. मी काठावर खोकलो.

"सर, मासा बहिरा हाय असं वाटते का तुमाले?"

मी घाबरत सांगितलं, की हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही.

"हे तुमाले मालूम हाय. मासा कुठी कॉलेजात गेलता?"

तेव्हापासून मी लांब बाभळीखाली जाऊन खोकतो. बाबाराव स्वतः काठावर चपलासुद्धा घालत नाहीत. पाऊल वाजतं म्हणून!

*

चारा म्हणून बाकीचे साधी भिजवलेली सरकीची ढेप वापरतात. मी बरंच वाचून कणीक, मध, बडीशेप आणि लसूण एकत्र मळलं, छान गोळे वळले आणि स्टीलच्या डब्यात भरून नेले.

गळ बांधून वळून पाहतो, तर गुरुजी डबा उघडून दुसरा गोळा चघळत होते.

"सर, वहिनीले सांगा, लाडू चांगले हायेत. पण लसूण कायले टाकला?"

चारा आणि शिदोरी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावी, हा सल्ला मी आता प्रत्येक नवशिक्याला देतो.

*

दोरीवरचं बूच जरा हललं, की मी काठी उचलायचो. हाती नुसता गळ यायचा. प्रकाशरावांना ते बघवेना.

"सर, प्यासेंजरचा एक पाय अजून खालीच हाय, अन् तुमी डबल बेल देऊन राह्यले! बूच पुरं बुडू द्या."

पुढच्या रविवारी बूच पूर्ण बुडालं. पण ते खरंच पूर्ण बुडालं का, याची मी खात्री करत बसलो. तेवढ्यात हातातली काठीसुद्धा सुटून पाण्यात गेली.

प्रकाशराव शांतपणे म्हणाले, "आता गाडी डेपोत गेली, सर."

*

एकदा सौ.नं सहज विचारलं, "तुम्ही तिथे मासे धरायला जाता, की चहा द्यायला?"

तिनं थट्टाच केली होती. मी मात्र आठवडाभर तेच घोळवत राहिलो. मासे येत नाहीत, गप्पा जमत नाहीत. ही माणसं आपल्याला नुसती सहन तर करत नाहीत ना? मनाशी ठरवलं, येत्या रविवारी मासा लागला नाही, तर किटली परत करायची आणि घरी बसायचं.

त्या रविवारी गुरुजींनी मला जागा बदलायला लावली. "ऊन समोरून घ्या, सर. तुमची सावली पाण्यात पडून राह्यली." मी सरकलो. बूच हललं. मी थांबलो. बूच बुडालं. "डबल बेल!" असं मनात म्हणून काठी उचलली, आणि चांगला हातभर रोहू काठावर येऊन पडला!

"सर पास झाले!" बाबाराव अनवाणी धावत आले. त्या दिवशी रिकामे राहिलेले ते एकटेच. किटली त्यांच्याकडे गेली.

*

पुढचा रविवार पौषातला. थंडी अशी, की बोटं वळत नव्हती. बाबारावांनी पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकदमच किटलीत टाकलं, खाली ओली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, पेटवली आणि आपल्या गळाकडे बघत बसले.

प्रकाशरावांनी एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. गुरुजी म्हणाले, "बाबाराव, हा तलावात ओता. मासे आपोआप वर येतीन!"

मी आपला गळ टाकून बसलो. थोड्याच वेळात माझं बूच हललं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बूच हळूहळू पूर्ण बुडालं. मी काठीला हात घातला—

धडाम!

काठावर चप्पल न घालणारे बाबाराव शर्ट-धोतरासकट पाण्यात उडी मारून छातीभर पाण्यात उभे होते. तलावभर लाटा. माझं बूच वर येऊन मजेत डुलत होतं. प्रकाशराव आभाळाकडे पाहत होते. गुरुजी किटली विसळून माझ्या पिशवीत ठेवत होते.

"बाबाराव! अहो, काय झालं?"

"काही नाही, सर," ते दात कडाकडा वाजवत म्हणाले, "मले लय गरम होऊन राह्यलं होतं!"