पेरूवाली हसली नाही

लोकांना हसवणं हा माझा जन्मजात रोग आहे. बारसं असो की तेरावं, मी उभा राहिलो की पाहुणे खुर्च्या पुढं ओढतात. सासऱ्यांची चाल, वाळूजच्या कंपनीतल्या साहेबाची शिंक, सगळ्यांच्या नकला करून झाल्या. तीन वर्षांपूर्वी पुतणीच्या मुलाच्या बारशात मी माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे आजोबा झालेल्या दादाचीच नक्कल केली. माझी सर्वांत गाजलेली नक्कल ती.

त्या सकाळी दादानं फक्त मला सांगितलं होतं. जिना चढताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड होतं, जबडा आवळतो आणि थांबलं की जातं. दुखत नव्हतं, म्हणून त्यानं वहिनीला सांगितलं नव्हतं. त्याला बीपी होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "गॅस आहे रे, ओवा खा." आणि संध्याकाळी भरल्या घरात छातीला हात लावून, डोळे फिरवून शेवटी अशी ढेकर दिली की पाळण्यातलं पोर दचकून उठलं. दादा सगळ्यांत जास्त हसला. आठवडाभरात तो गेला. जिन्यातच.

त्यानं मला आधी सांगितलं होतं, हे मी कुणाजवळ बोललो नाही. त्याऐवजी दर शनिवारी खुलताबादच्या मारुतीला अनवाणी चालत जाऊ लागलो. जे वहिनीसमोर तोंडानं सांगायचं ते पायांनी फेडायचं, ही देवाला गुंडाळायची माझी युक्ती. पुढं मलाही बीपी निघालं, पण शनिवारचा उपवास कडक. गोळी जेवणानंतरची, जेवण नाही म्हणून गोळीही नाही, असा निकाल मी स्वतःच दिला आणि वर त्याला भक्ती म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात दौलताबादच्या घाटात माझ्या छातीवर तोच पाटा आला. मी ओळखला. का नाही ओळखणार? भर बारशात मीच तो वठवला होता. तरी खिशातून ओवा काढला, चघळला, थोडं बसलो, आराम पडला, पुढं निघालो. असे चार शनिवार गेले.

पाचव्या शनिवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशीच बसावं लागलं. थंडी कडाक्याची आणि सदरा घामानं भिजलेला. शेजारी एक बाई पेरूंची पाटी घेऊन बसली होती. समोर प्रेक्षक दिसल्यावर मला राहवेना. छातीला हात लावून ढेकर दिली आणि म्हणालो, "मावशी, तुमचे पेरू नुसते बघूनच गॅस झाला बघा."

ती हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रयोग पडला.

"भाऊ, मी पाटी घेऊन याच घाटानं उतरते, समदं बघते. पेरू चालू झाले तव्हा तुम्ही पार वर घाटाच्या दरवाजापाशी बसायचे," ती म्हणाली. "मंग चिंचेखाली. गेल्या शनवारी त्या दगडापाशी. आज तर चढ बी लागला नाय. गॅस काय घाट उतरून खाली येतो व्हय?"

"मारुतीला जाऊन येतो, मग दाखवतो डॉक्टरला."

"मारुती कुठं पळून नाय चालला. माझा मालक बी असाच म्हनला व्हता, देवाला जाऊन येतो." तिनं पाटीवर फडकं टाकलं, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि शहराकडं निघालेली एक रिक्षा अडवली. आत आधीच दोघं होते, त्यांना तिनं अक्षरशः ओढून उतरवलं. मी काहीतरी विनोद सुरू केला, तर रिक्षावाला म्हणाला, "चुप बैठो चचा, बातां नक्को करो." त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच दर्शन न घेता, देवाकडं पाठ करून आणि मुकाट्यानं गेलो.

दवाखान्यात कळलं, हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. डॉक्टर पुतणीच्या वयाची. ती म्हणाली, "काका, गॅसला चढ-उतार कळत नाही. चाललं की छाती जड, थांबलं की आराम, तर आधी हृदय तपासायचं. थांबूनही जात नसेल, घाम फुटला असेल, तर तडक दवाखाना. आणि गोळी उपवासालाही."

घरचे म्हणतात, मारुतीच पेरूवाली होऊन आला. मी वाद घालत नाही, कृतज्ञ आहे. पण अतिदक्षता विभागात छताकडं बघत पडलो असताना एक हिशेब काही केल्या चुकवता येईना. माझ्याकडं त्यानं तिला पाठवलं, तर दादाकडं कुणालाच पाठवलं नाही का? पाठवलं होतं की. तो मी होतो.

बरा झाल्यावर एका शनिवारी घाटाकडं न जाता मी वहिनीकडं गेलो. नक्कल नाही, हातवारे नाहीत, खाली बघून सगळं सांगितलं. दादा सकाळी माझ्याशी काय बोलला आणि मी त्याचं काय केलं. वहिनी बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

मग म्हणाली, "हसताना त्यांचा हात छातीवरच होता. मला दिसला होता. मला वाटलं, तेही तुमचीच नक्कल करतायत."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी मागितलीही नाही. दादाच्या छातीवरचा तो हात तिनंही तीन वर्षं एकटीनं सांभाळला होता. थोड्या वेळानं ती उठली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "शनिवार आहे. गोळी घेतली का?"

खिशात होती. तिच्यासमोरच घेतली. इतकी वर्षं मी देवाच्या पायांवर तेल ओतलं, रुईच्या माळा वाहिल्या, पण छातीतलं ओझं तेवढं स्वतःजवळ ठेवून घेतलं. देवाला शरण जाणं म्हणजे ते ओझं दुसऱ्या माणसासमोर उतरवणं, एवढं मला कळलं. कळायला दादा जावा लागला, हे मात्र मी कुठल्याच देवाला माफ केलेलं नाही. आणि स्वतःला तर मुळीच नाही.