भावाचं रक्त आणि तलावाचं पाणी

रिपोर्ट चांगला आला की माझी खरी पंचाईत सुरू होते. रोशनचा सीबीसी माझ्या हातात होता. पांढऱ्या पेशी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल. समोर तो मास्क लावून बसलेला, शेजारी त्याचा थोरला भाऊ सुखदेव. दोघांना एकच विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात गावच्या तलावात जाळं पडणार, तर रोशननं पाण्यात उतरायचं ना?

मी भंडाऱ्यात फिजिशियन आहे. रोशन करडी गावाकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. त्याच्या बोन मॅरोनं, म्हणजे हाडांतल्या रक्ताच्या कारखान्यानं, कामच बंद केलं होतं. नागपूरला सुखदेवच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, त्याला दिल्या. त्या गोष्टीला आता सहा-सात महिने झाले होते. मधल्या तपासण्या माझ्याकडे व्हायच्या.

मी नाही म्हटलं. सुखदेव मात्र सोडणाऱ्यातला नव्हता.

"मॅडम, रक्त तं माहंच आहे ना त्याच्यात? माह्या रक्तानं जल्मभर हाच तलाव पाह्यला. मंग त्याले काय होते?"

तर्क बिनतोड होता, आणि चुकीचा होता. मी समजावायला बसले. पांढऱ्या पेशी मोजता येतात, पण त्यांना काय येतं ते सीबीसीत दिसत नाही. जंतू ओळखायला नव्या पेशींना वर्ष-दोन वर्षं लागतात. या पेशींनी सुखदेवच्या अंगात जे शिकून घेतलं, त्यातलं फार थोडं इकडे येतं आणि तेही टिकेलच असं नाही. लहानपणीच्या लसींचासुद्धा भरवसा उरत नाही, त्या तान्ह्या बाळासारख्या पुन्हा द्याव्या लागतात. शिवाय भावाच्या पेशींनी रोशनच्याच शरीराला परकं समजू नये, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू होती. गाळात शिंपल्यानं पाय कापला, तरी ताप चढू शकतो. अशा पेशंटला ताप म्हणजे थेट नागपूर, आणि तिथूनही परत येईलच याची हमी नाही.

दोघं फार शांतपणे ऐकत होते. म्हणजे पटत नव्हतं. मग मी बोटुकलीवर आले. तलावात सोडतात ती माशांची बोटभर पिल्लं.

"सुखदेव, जुनी मासोळी जाळं आलं की तळाला जाते ना? तिची बोटुकली जाते का?"

"नाही जात. तिले काय माहीत."

"याच्या अंगात सध्या सगळी बोटुकलीच आहे."

सुखदेवनं मान खाली घातली. तेव्हा रोशन पहिल्यांदा बोलला.

"समजलं, मॅडम. पन मागच्या साली मी दवाखान्यात होतो. यंदाबी नाही उतरलो तं माहं नाव जाते."

त्यांच्या मच्छीमार सोसायटीत तसा रिवाज होता. जाळ्याच्या दिवशी पाण्यात उतरेल तो तलावाचा माणूस. सलग दोन वर्षं उतरला नाही की नाव कमी. इतके महिने रोशन खाटेवर होता. ताट वेगळं, पोरं लांब. आपलं म्हणावं असं त्याच्याजवळ ते नावच काय ते उरलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण डॉक्टरला वाईट वाटलं म्हणून तलावातले जंतू कमी होत नाहीत. मी सर्टिफिकेट देते म्हटलं. सुखदेव म्हणाला, आमच्या बैठकीत कागद चालत नाही.

पुढच्या वेळी दोघं लसीसाठी आले तेव्हा सगळं कळलं. मी इतक्या मेहनतीनं मोडून काढलेला तर्कच सुखदेवनं बैठकीत मांडला होता. याच्यात रक्त माझं आहे, याचा ब्लड ग्रुपही बदलून माझाच झाला, तेव्हा मी उतरलो म्हणजे हा उतरला. म्हातारे अडून बसले. एका उतरण्यात दोन नावं कशी? बराच वाद झाला आणि त्यातूनच तोड निघाली. जाळ्याच्या दिवशी सुखदेव आधी स्वतःसाठी उतरला. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आला, अंग पुसलं, रोशनचं जाळं खांद्यावर घेतलं आणि पुन्हा उतरला. रोशन पाळीवर मास्क लावून उभा होता.

"दुसऱ्या खेपेले अध्यक्षानं माहं नाव पुकारलं, मॅडम," रोशन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझेही. मी सिरिंज भरण्यात नको इतका वेळ घालवला.

मग सुखदेवला विचारलं, बोटुकलीचं तुला पटलं होतं ना?

"पटलं ना. म्हनून तं त्याले उतरू नाही देल्लं."

वैद्यकशास्त्राच्या हिशेबानं, रक्त भावाचं म्हणून भाऊ उतरला की रोशन उतरला, हा सोसायटीचा निर्णय साफ चूक आहे. तो दुरुस्त करायला मी गेले नाही. तेव्हापासून पेशंटला 'नको' म्हणायच्या आधी मी विचारते, की यानं तुझं काय जाणार आहे? त्यावर माझ्याकडे औषध बहुधा नसतं. पण प्रश्न ऐकायला घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं असतं, आणि त्यातला एखादा दुसऱ्यांदा पाण्यात उतरायला तयार होतो.