नमुन्यांचं कपाट

मी ऑफिसं आखून देते. नवं ऑफिस सुरू झालं की पहिल्या आठवड्यात तिथे एक चक्कर मारते. लोक कुठे बसतात, कुठे टाळतात ते बघायला, असं मालकांना सांगते. खरं म्हणजे टेबलाच्या कडेवरून चाचपडत जाणारा एक हात मला तिथे दिसतो की काय, याची धास्ती असते. तो दर वेळी दिसतो.

हात एका काकांचा. कतारगामच्या एका साडीवाल्यांकडे ते कापडाचे नमुने सांभाळायचे. मालकांना जुनं ऑफिस मोडून 'फॉरेनसारखं' करायचं होतं. माझी तर ती लाडकी कल्पना: ठरलेली जागा कुणालाच नाही, जसं काम तशी जागा. फोनवर भांडणाऱ्यांना काचेची खोली, डिझाइन काढणाऱ्यांना शांत कोपरा, नमुने पसरायला मधोमध उंच टेबल. नवागामला, खानदेशातून आलेल्या मजुरांच्या वस्तीत, एका खोलीत मी वाढले. त्याच फरशीवर आई साड्यांना खडे चिकटवायची, तिथेच स्वयंपाक, तिथेच माझा अभ्यास. जागा कशी फिरवायची हे मला कुणी शिकवायला नको, अशी घमेंड होती मला.

आठवडाभर वही घेऊन मी प्रत्येकाचं काम टिपलं. काका कित्येक वर्षं एकाच कपाटापाशी होते. कुणी मेंदी रंगाचं जॉर्जेट मागितलं, की न बघता हात घालून काढून द्यायचे. वापरलेला नमुना मात्र दुसऱ्या कुणाला आत ठेवू देत नसत, हातावर चापटी बसायची. त्यावरून सगळे त्यांची थट्टा करत. मी वहीत लिहिलं, 'सवयीचा माणूस. उजेडाची गरज नाही. कपाट सर्वांसाठी उघडं करावं.'

उजेडाची गरज नाही, हे मी माझ्या हाताने लिहिलं. अजून ती वही माझ्याकडे आहे, फेकवत नाही.

त्याच दुपारी ते माझ्याजवळ आले. माझं आडनाव ऐकून मी खानदेशातली हे त्यांनी ओळखलं असावं. हळूच म्हणाले, "माय, मन्हं कपाट आठेच ऱ्हाऊ दे."

शेजारी मालक उभे होते. घरी आम्ही अहिराणीशिवाय बोलत नाही, पण मालकांसमोर मला नवागामची पोर व्हायचं नव्हतं. कपाट इथेच राहू दे, हे त्यांचं म्हणणं कळलंच नाही असं दाखवून मी हिंदीत नवा नियम समजावला. ते आणखी काही सांगणार होते. मग नुसती मान हलवली आणि परत गेले.

नवं ऑफिस सुरू झालं. आता नमुना कुणीही काढायचा, कुणीही ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मी तिथेच होते. एका व्यापाऱ्याने मरून रंगाचा नमुना मागितला, काकांनी हिरवा दिला. सगळे हसले. दुसरा दिला तोही चुकला. मग त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून पुढे पुढे जात राहिला, आणि कुणी हसेना. डोळे केव्हाचेच गेले होते. एवढी वर्षं बोटांनी खण मोजून ते काम रेटत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मालकांनी त्यांना आराम करायला सांगितलं. आराम म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं.

त्यांच्या घरी जायचा धीर गोळा करायला मला पंधरा दिवस लागले. आधी मालकांशी भांडले, कपाट जागच्या जागी बसवायचं कबूल करून घेतलं. काका डिंडोलीजवळ राहत. या वेळी मी अहिराणीतच बोलले. कपाट परत येतंय, त्याला कुणी हात लावणार नाही, तुम्ही या, असं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, काकूंना चहा टाकायला सांगितला.

"कपाट लाई दिशी, माय," ते म्हणाले. "पन आते मी जे दिसू, ते परतेक जन एकदाव तपासी लेई."

खरंच होतं, कपाट मी लावून देईन, पण आता ते जे देतील ते प्रत्येक जण एकदा तपासूनच घेणार. निघताना त्यांनी विचारलं, त्यांचं काम आता कोण करतं. मी खरं तेच सांगितलं, की कुणीच करत नाही, ज्याला लागेल तो स्वतः शोधून घेतो.

ते "बरं" म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला उठले.